बाहेरचा फलंदाज

मला चौकार आवडतात, कारण चौकारात पळावं लागत नाही. हे मी क्लबात कधी कुणाला बोलले नाही. बाई बारा वर्षं स्कोअरिंग करतेय म्हणजे तिला खेळातलं बरंच कळत असणार, असा सगळ्यांचा समज आहे आणि तो मी मोडत नाही. पण त्या वर्षी माझा नवरा बॅटिंगला उतरला की मी फक्त एवढंच बघायचे, की बॉल सीमारेषेपलीकडे जातोय की याला पळायला लागतंय.

आमचा क्लब मराठी माणसांचा. लंडनजवळ वॉटफर्डच्या बाहेर कौन्सिलचं एक ग्राउंड आहे, तिथे आम्ही शनिवारी खेळतो. आम्ही म्हणजे निम्मे इथेच जन्मलेले, कुणी डेंटिस्ट, कुणी शाळामास्तर, आणि निम्मे पुण्या-नागपुराहून नोकरीसाठी आलेले, ज्यांचा दिवस ऑफिसात आणि उरलेला वेळ व्हिसाच्या चर्चेत जातो. आम्ही दोघं राहतो तिथून तासाभरावर, ब्रॅकनेलला, येऊन आता पंचवीस वर्षं होतील. लीगमध्ये आमच्या टीमची ओळख एकच, की आम्ही मैदानावर मराठीत ओरडतो. "पळ", "थांब", "दुसरी आहे, दुसरी आहे", आणि सगळ्यात जास्त "नको नको नको". समोरच्यांना यातलं काही कळत नाही. बरेचदा आमच्या आमच्यातही कळत नाही, त्यामुळे आमच्याइतके रनआउट कुणाचेच होत नाहीत.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी नवरा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला बाहेर गेला आणि पाच मिनिटांनी दारातल्या पायरीवर बसलेला दिसला. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. मला म्हणाला, "ॲसिडिटी झालीय." मी ॲम्ब्युलन्स बोलावली. त्या दिवशी दुपारी त्याला स्टेंट घातला आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. निघताना तिथल्या डॉक्टरबाईंना त्याने पहिला प्रश्न विचारला तो क्रिकेटचा. त्या म्हणाल्या, आधी चाला, व्यायामाचा कोर्स पूर्ण करा, मग हळूहळू बघा, आणि शरीर काय सांगतंय ते ऐका. या वाक्याचा त्याने अर्थ काढला की एप्रिलपर्यंत खेळता येईल. मी अर्थ काढला की क्रिकेट संपलं. शरीराचं ऐका म्हणे. हा माणूस सव्वीस वर्षांत माझं ऐकत नाही, शरीराचं कुठलं ऐकणार.

पण खरी चूक पुढे झाली आणि ती आम्ही दोघांनी मिळून केली. वॉर्डात असतानाच तो म्हणाला, "ग्रुपवर काही टाकू नकोस हं." मीही लगेच मान डोलावली. आपल्यात असंच असतं. हार्टचं म्हटलं की चार लोकांत बोभाटा, मग डबे, मग कुणाच्या तरी मेहुण्याला नेमकं असंच झालं होतं त्याची साग्रसंगीत हकिगत, आणि मग जन्मभर तो माणूस 'बिचारा'. तेव्हा आम्ही सांगितलं की पाठ धरलीय. झालं. एकाने फिजिओचा नंबर पाठवला, एकीने केरळहून मागवलेलं तेल आणून दिलं, आणि नवऱ्याला चारचौघांत खुर्चीतून उठताना आठवणीने कंबरेवर हात ठेवावा लागायचा. एकदा तर तो हात ठेवायला विसरला तेव्हा मीच त्याला कोपर मारलं. इतकं सगळं केल्यावर मागाहून खरं सांगायची सोयच राहत नाही.

हॉस्पिटलने एक छोटा स्प्रे दिला होता, छातीत दुखलं तर जिभेखाली मारायचा. तो किटबॅगच्या बाजूच्या कप्प्यात असायचा. मार्चमध्ये हॉलमधली नेट प्रॅक्टिस सुरू झाली, तेव्हा घरातून निघताना मी तो कप्पा चाचपायचे, गाडीत बसल्यावर पुन्हा चाचपायचे. नवरा म्हणायचा, "अगं, पासपोर्ट आहे का तो?" मला अशा वेळी त्याचा इतका राग यायचा की रडू यायचं.

त्याच सुमारास कॅप्टनने ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. आमचा कॅप्टन वॉटफर्डचाच, तिथेच जन्मलेला, पेशाने डेंटिस्ट. आदल्या सीझनला आम्ही खालच्या डिव्हिजनला जाता जाता वाचलो होतो आणि ते त्याच्या फार मनाला लागलं होतं. व्हिडिओत एक दक्षिण आफ्रिकेचा डावखुरा फलंदाज होता, सव्वीस वर्षांचा, आणि तो समोर येईल तो बॉल शेजारच्या रस्त्यावर भिरकावत होता. आमच्या लीगमध्ये दर टीमला एक खेळाडू बाहेरच्या देशातून आणता येतो. बाकीच्या टीम आणतात. आम्ही बारा वर्षांत कधी आणला नव्हता. कॅप्टनने खाली लिहिलं होतं, 'याला घेऊ या का? सीरियसली.'

मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. नवऱ्याला वाटलं, शेवटी बायकोला क्रिकेटची गोडी लागली. मी बघत होते ते एवढंच, की हा माणूस ओपनिंगला येतो. आमच्याकडे ओपनिंगच्या दोन जागा. एक कॅप्टनची, ती जाणार नाही. दुसरी माझ्या नवऱ्याची. वय बावन्न, क्लब सुरू करणाऱ्या चौघांपैकी एक, पहिल्या दिवसापासून सलामीला जाणारा. त्याला 'तू आता बस' म्हणायची हिंमत क्लबात कुणाला नव्हती. ती माझ्यातही नव्हती. मी म्हटलं असतं, तर तो हट्टाने अजून दोन वर्षं खेळला असता. पण हा आफ्रिकेचा मनुष्य न बोलता ते काम करणार होता. त्या दिवसापासून मी त्याच्या बाजूची झाले, आणि हे मी माझ्या नवऱ्यापासून लपवलं. तो क्लबपासून आजार लपवत होता आणि मी त्याच्यापासून हे.

ग्रुपवर जे काही सुरू झालं, त्याला तोड नाही. त्याला मराठी येत नाही, तर 'थांब' म्हटल्यावर तो थांबणार कसा, ही पहिली हरकत. त्यावर कुणीतरी लिहिलं, की आपल्या पोरांना तरी कुठे येतं. मग तो राहणार कुठे, खाणार काय, मांसाहारी असणार, आमच्या ओट्यावर चालायचं नाही. मग व्हिसा. व्हिसा म्हटल्यावर तर सगळेच तज्ज्ञ. एकाने स्वतः क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसला तीन चकरा मारल्याची कथा लिहिली, तिचा खेळाडूच्या व्हिसाशी काही संबंध नव्हता. नवऱ्याने मात्र ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. मी विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाला, "बघू ना, लोक काय ठरवतात." एवढं बोलून तो पॅड्सचे पट्टे साफ करत बसला.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सराव सामना होता. मैदान ओलं, वारा बोचरा. स्कोअररच्या टेबलावर माझ्या शेजारी समोरच्या टीमचे स्कोअरर होते, सत्तरीचे एक गोरे गृहस्थ, गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन. चौथ्या ओव्हरमध्ये नवऱ्याने बॉल कव्हर्समधून काढला. मला वाटलं चौकार. पण ओल्या गवतात बॉल सीमारेषेच्या अलीकडेच रुतला आणि कॅप्टन पलीकडून ओरडला, "पळ, तीन आहेत, तीन!" पहिली धाव नीट झाली. दुसऱ्या धावेला वळताना नवऱ्याचा एक पाय घसरला आणि तिसऱ्या धावेत तो पळत नव्हताच, नुसता पुढे ढकलल्यासारखा येत होता. क्रीजमध्ये पोचल्यावर तो बॅटवर वाकून उभा राहिला. मी मोजत होते, पण धावा नाही, तो किती वेळ वाकलेला आहे ते. एकोणीस मोजले तेव्हा त्याने मान वर केली आणि टेबलाकडे पाहिलं. मी झटकन वहीत डोकं घातलं.

"थ्री?" शेजारचे गृहस्थ म्हणाले.

मी काही लिहिलंच नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या वहीत एक बॉल रिकामा होता. त्यांनी न बोलता त्यांची वही माझ्याकडे सरकवली. मग नवऱ्याने ग्लोव्ह्ज बदलायला म्हणून खेळ थांबवला, बॅगेकडे जाऊन आला आणि त्याच्या पुढच्याच ओव्हरला त्रिफळाचीत झाला. मला इतका आनंद झाला की मी तोंडावर हात ठेवला. चहाच्या वेळी तो किटबॅग घेऊन पॅव्हिलियनच्या मागून आला. मी विचारलं, ठीक? "मस्त," म्हणाला आणि त्याने साबुदाणा वडा उचलला. मी बॅगेचा कप्पा चाचपला. स्प्रे जागेवर होता.

पुढच्या रविवारी दुपारी पॅव्हिलियनमध्ये मीटिंग. तेरा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाहेर पाऊस. अध्यक्ष म्हणजे आमचे काका, ऐंशीच्या घरातले, सत्तरच्या दशकात इथे फॅक्टरीत कामाला आलेले. क्लबात त्यांना कुणी नाही म्हणत नाही.

कॅप्टनने सुरुवात केली. "काका, तुम्ही ती व्हिडिओ बघितला ना? तो खूप स्ट्राँग आहे. आय मीन, आपला टीम चांगला आहे, पण आपल्याकडे बिग हिटर नाही. दॅट्स द प्रॉब्लेम."

नागपूरचा एक जण, जो स्वतः चार वर्षांपासून वर्क व्हिसावर आहे, तो उठला. "मी काय म्हणतो, बाहेरून माणूस आणायचा आणि इथल्या पोरांची जागा त्याला द्यायची, हे काही मला पटत नाही. आपल्या मुलांनी मग करायचं काय?"

कॅप्टन चहाच्या मगात बघू लागला. काका मात्र हसले. "अरे, हे वाक्य मी इथे आलो त्याच आठवड्यात ऐकलं होतं. तेव्हा ते माझ्याबद्दल होतं."

नागपूरकर लाल झाला. "तसं नाही हो काका, मी क्रिकेटचं बोलतोय."

"तेही फॅक्टरीचंच बोलत होते," काका म्हणाले.

मग गाडी राहण्या-खाण्यावर आली. कुणाच्या घरी जागा नाही, कुणाच्या घरी सासूबाई येणार, कुणाकडे अंडंसुद्धा चालत नाही. आता हे इथेच बारगळणार, असं मला दिसायला लागलं. आमच्याकडे कुणी तोंडावर नकार देत नाही, अडचणी सांगत सांगत विषयच मारून टाकतात. मला वाटलं, आता गप्प बसले तर पुढच्या शनिवारी हा पुन्हा पॅड बांधून उतरेल. मी हात वर केला. बारा वर्षांत मीटिंगमध्ये मी कधी हात वर केला नव्हता.

"तो आमच्याकडे राहील," मी म्हणाले. "मुलगी युनिव्हर्सिटीत आहे, तिची खोली रिकामी आहे. आणि आमच्याकडे सगळं चालतं."

नवऱ्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

काकांनी चष्मा काढला. "अगं, विचार करून बोलतेस ना? तो आला तर तुझ्याच नवऱ्याची जागा जाईल." जे सगळ्यांना महिनाभर माहीत होतं, ते शेवटी त्यांनीच उच्चारलं.

"टीमचं बघायला हवं ना काका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"आणि तू काय म्हणतोस?" काकांनी नवऱ्याला विचारलं.

"आमच्याकडे गेस्ट कोण येणार ते हीच ठरवते," नवरा म्हणाला. सगळे मोठ्याने हसले, गरजेपेक्षा जरा जास्तच.

हात वर करून मत द्यायला सांगितलं असतं, तर सगळ्यांनी काकांकडे बघून हात वर केले असते आणि घरी जाऊन ग्रुपवर रडले असते. म्हणून काकांनी चिठ्ठ्या टाकायला सांगितलं. हो किंवा नाही, नाव लिहायचं नाही. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात तेरा चिठ्ठ्या पडल्या आणि डबा माझ्यासमोर आला, कारण मोजायचं काम माझं.

मी एकेक उघडून मोठ्याने वाचत होते आणि वहीत रेघा मारत होते. बहुतेकांनी इंग्रजीत येस, नो लिहिलं होतं. माझी स्वतःची चिठ्ठी तिसरी निघाली. बारा झाल्या तेव्हा सहा-सहा अशी बरोबरी होती. तेरावी उघडली. मराठीत 'हो' लिहिलं होतं. शिरोरेघ अक्षराच्या पुढे थेट कागदाच्या काठापर्यंत ओढलेली. आमच्या फ्रिजवर सव्वीस वर्षं दही, कोथिंबीर, बल्ब असल्या याद्या लागताहेत, त्यांवर हीच रेघ असते. मी ती चिठ्ठी वाचायला इतका वेळ लावला की कॅप्टन म्हणाला, "काकू? व्हॉट इज इट?"

"हो," मी म्हणाले. "सात-सहा."

तो फलंदाज मेच्या शेवटी आला. मुलीच्या खोलीत चार महिने राहिला, पोह्यांवर केचप घालून खायचा आणि 'नको नको नको' एवढं मराठी शिकला. आम्ही त्या वर्षी खाली गेलो नाही. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्या सीझनचा विषय निघाला की मला आठवतो तो मीटिंगहून परत येतानाचा रस्ता.

गाडी मी चालवत होते. जानेवारीपासून मीच चालवत होते. आम्ही एम पंचवीस हायवेला लागलो. वायपर चालू होता. मग तो म्हणाला, "ओळखलंस ना?"

"तू का लिहिलंस?"

"त्या तीन धावांच्या वेळी छातीत कळ आली होती. दुसऱ्या धावेलाच. ग्लोव्ह्ज बदलायला गेलो तेव्हा स्प्रे मारला. आणि चहाच्या आधी पॅव्हिलियनच्या मागे परत एकदा."

मला वाटलं मी गाडी बाजूला घ्यावी, पण हायवेच्या कडेला हार्ड शोल्डरवर उगाच थांबता येत नाही. "आणि मला मस्त म्हणालास?"

"तू वहीत मान घालून लिहीत होतीस. म्हटलं, हिने बघितलं नाहीये, बरं झालं." मग अगदी हळू म्हणाला, "मला भीती वाटते गं. आता जिना चढतानाही वाटते. आंघोळीला गेलो की कडी लावत नाही मी. खेळत नाही असं आपण होऊन सांगितलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं. म्हटलं, कुणीतरी काढलं तर बरं."

आंघोळीची कडी तो लावत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कप्पे चाचपत होते, सेकंद मोजत होते, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती.

खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याने खेळू नये, एवढ्यासाठीच मी सगळा खटाटोप केला होता, आणि तो खेळणार नव्हता. पण झालं उलटंच. इतके महिने हा बेफिकीर आहे म्हणून मी त्याच्यावर चिडत होते, आणि चिडता चिडता मनात कुठेतरी म्हणत होते, की ज्याचं शरीर आहे त्याला जर काही वाटत नाहीये, तर नसेलही तसं काही, मीच आपली घाबरट. माझ्या सगळ्या काळजीला तेवढाच एक आधार होता. आता तो माझ्याइतकाच घाबरलेला माझ्या शेजारी बसला होता आणि त्याने माझ्या सीटची कड धरून ठेवली होती. मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. ते मला येईना. इतके दिवस घाबरायचं काम माझं होतं, धीर धरायचं त्याचं, आणि त्याच्या वाटचं काम करायला आता घरात कुणी उरलं नव्हतं.

मी डाव्या लेनमध्ये आले आणि घरापर्यंत पन्नासच्या वर गेले नाही.